गार्सिया द ओर्ता यांची मुंबईतील बाग

मुंबईच्या कोट भागात आज भारतीय नौदलाचे 'आंग्रे' हे ठाणे आहे. याच जागी पूर्वी 'बॉम्बे कॅसल' हा इंग्रज गव्हर्नरांच्या निवासाचा किल्ला होता. आणि त्याही आधी होता पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या नावाशी जोडलेला वाडा व त्याभोवतीची बाग.

ओर्ता १५३४ साली गोव्यास आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यांनी उपचार केले. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यांना खंडाने मिळाले. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात मुंबईतील आपल्या आंब्याचा ते कौतुकाने उल्लेख करतात: त्याला वर्षातून दोनदा, नाताळात व मे महिन्याच्या अखेरीस, फळे येत. प्राचीन ग्रंथकारांच्या वचनापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आणि येथील वैद्य-हकिमांकडून ऐकलेले त्यांना अधिक मोलाचे वाटे. १५६७ साली क्लुसियसने या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि आपल्या किनाऱ्यावरील वनस्पतींचे ज्ञान युरोपभर पोहोचले.

१५६८ साली ओर्ता निवर्तले. त्यांचे आईवडील स्पेनमधून हद्दपार झालेले आणि पोर्तुगालमध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिलेले यहुदी होते. हे कुटुंब गुप्तपणे यहुदी धर्म पाळते, असा ठपका ठेवून गोव्याच्या इन्क्विझिशनने १५६९ मध्ये त्यांची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले. १५८० मध्ये खुद्द ओर्ता यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्याने येथील माणसांचे रोग बरे करण्यात आयुष्य वेचले, त्याला कबरीतही विसावा मिळाला नाही.

वाडा मात्र टिकला. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी, दोना इग्नेस द मिरांडा या त्याच्या मालकीण असताना, याच वाड्यात हम्फ्री कूकने इंग्लंडच्या राजाच्या वतीने मुंबईचा ताबा घेतला. पुढे त्याभोवती तटबंदी उभी राहिली आणि बागेची जागा तोफांनी व कोठारांनी व्यापली.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या रक्षणासाठी म्हणून ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या असहिष्णुतेबद्दल व यहुदी लोकांवरील अन्यायाबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली. वसई-मुंबईच्या पोर्तुगीज वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण त्या प्रार्थनेत ओर्ता भावंडांचेही स्मरण करावयास हवे. चर्चच्या भव्य भिंतींइतकाच हा इतिहासही आपलाच आहे.