दम आणि वेग: जालन्याच्या भूमीवरील दोन धावा

१/
जालना जिल्ह्याच्या भूमीने दोन प्रसिद्ध धावा पाहिल्या. पहिली १६७९ ची, दुसरी १८०३ ची. त्यांमागचे राजकारण आणि रणनीती यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र दोन्ही वेळी माणसांच्या आणि घोड्यांच्या अंगात किती दम उरला होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज सायकलपटूंच्या प्रयोगशाळेत जे मोजले जाते, त्याच्या आधारे या दोन घटना पुन्हा वाचू या.

२/
प्रथम थोडे शास्त्र. सायकलपटूची तासन्‌तास टिकणारी कामगिरी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, त्यांपैकी किती हिस्सा न थकता दीर्घकाळ वापरता येतो आणि तेवढ्याच श्रमात किती अंतर कापले जाते. सराव, हवामान, पाणी आणि अन्न यांचा परिणाम या तिन्हींवर होतो.

३/
अखेरच्या झेपेचे गणित निराळे आहे. ती झेप स्नायूंमध्ये आधीच साठलेल्या शक्तीवर चालते. फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा पूर्ण जोर लावला की सुमारे दहा सेकंदांत बराचसा संपतो. त्यापुढे स्नायूंतील साखर, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने जळू लागते. ही ताकद मोजण्यासाठी आजही स्थिर सायकलवर ३० सेकंदांची विंगेट चाचणी घेतात.

४/
ध्यानात ठेवण्याचा मुद्दा एवढाच: वेग आणि दम यांची खाती वेगळी असली, तरी ग्लायकोजेनची तिजोरी सामायिक आहे. आधीच्या वाटचालीत ती किती रिकामी झाली, यावर शेवटची झेप अवलंबून असते. आणि झेप घेऊन झाल्यावर पुन्हा दौड करायची असेल, तर तिजोरी भरायला वेळ द्यावा लागतो.

५/
आता नोव्हेंबर १६७९. दिलेरखानाने विजापूरला वेढा घातला होता. विजापूरवरील दडपण कमी व्हावे म्हणून छत्रपती शिवाजी महाराज मोगली मुलखात शिरले आणि त्यांनी जालन्याची समृद्ध पेठ लुटली. औरंगाबादेस शहजादा मुअज्जम असताना, तेथून काही मजलांवर मराठे चार दिवस जालन्यात होते.

६/
येताना हलके असलेले सैन्य जाताना जड झाले. मराठी घोडदळाचे सामर्थ्य मोजक्या सामानात, काटक घोड्यांत आणि सतत चालत राहण्यात होते. लुटीच्या ओझ्याने नेमके तेच हिरावले. सपाटीवर वजन फारसे जाणवत नाही, चढावर मात्र प्रत्येक शेर मोजून घेतला जातो. घाट चढणाऱ्या सायकलपटूला हे सांगावे लागत नाही.

७/
परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ रणमस्तखानाने गाठले. बखर सांगते की या झुंजीत सिधोजी निंबाळकर पडले. पुढे आणखी मोगली फौजा येत होत्या. तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटेने, तीन दिवस आणि तीन रात्री चालवत, सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. तेथे महाराजांना विश्रांती मिळाली, म्हणून गडाचे नाव विश्रामगड पडले.

८/
या प्रसंगात झेपेने नव्हे, दमाने वाचवले. शत्रूपेक्षा वेगाने धावणे शक्य नव्हते. शत्रूला ठाऊक नसलेल्या वाटेने, न थांबता चालत राहणे शक्य होते. वाटेची माहिती हीसुद्धा शक्तीची बचतच असते.

९/
आता १८०३. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले होते. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात उतरल्या होत्या. २१ सप्टेंबरला आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हनसन बदनापूरला भेटले. दोघांनी वेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनच्या परिसरात एकत्र हल्ला करायचा, असे ठरले.

१०/
२३ सप्टेंबरला वेलस्लीचे सैन्य सुमारे १४ मैल चालून मुक्कामाच्या गावी आले. तेथे कळले की मराठा छावणी अपेक्षेपेक्षा खूप जवळ, अवघ्या सहा मैलांच्या आसपास आहे. स्टीव्हनसनची वाट पाहावी, की सकाळपासून चाललेल्या माणसांना तसेच पुढे न्यावे? वेलस्लीने सामान पहाऱ्यात मागे ठेवले आणि तो निघाला. १६७९ मध्ये जे ओझे नडले, ते येथे आधीच उतरवले गेले.

११/
त्याची कवायती फौज सुमारे ४,५००. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार. समोर केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात पोलमनच्या हाताखालचे १०,००० हून अधिक कवायती पायदळ, शंभरावर तोफा आणि प्रचंड घोडदळ. वाटाड्यांनी उतार नाही असे सांगितले. वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहिली आणि तेथे उतार असणारच, असा तर्क केला. तो खरा ठरला.

१२/
चौदा मैल चालून आलेले पायदळ लढले कसे? उत्तर चालीच्या गतीत असावे. एका लयीत चालताना शरीर मुख्यतः चरबी जाळते आणि ग्लायकोजेन बऱ्याच अंशी राखून ठेवते. वर्षानुवर्षे सराव झालेल्या शिपायाला अशी मजल नवी नव्हती. दुसऱ्या बाजूचा सरावही तितकाच मोलाचा: शत्रू बगलेवर येताच पोलमनच्या पलटणींनी आपली संपूर्ण फळी झपाट्याने फिरवली. वेलस्लीला ते अपेक्षित नव्हते.

१३/
मग तोफांचा मारा सुरू झाला. इंग्रजांची ७४ वी पलटण आसई गावाच्या फार जवळ गेली आणि तिची दाणादाण उडाली. तिला वाचवण्यासाठी मॅक्सवेलच्या घोडदळाने धाव घेतली. १९ वे लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासच्या ४ व्या, ५ व्या देशी रिसाल्यांचे स्वार त्या धावेत जुई ओलांडून गेले. राखीव शक्ती ती हीच, आणि ती लढाईच्या मध्यावरच खर्ची पडली.

१४/
दरम्यान मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही मराठी गोलंदाज उठले आणि पुढे गेलेल्या इंग्रजांवर त्यांनी मागून तोफा डागल्या. त्यामुळे वेलस्लीला मागे वळावे लागले. थकलेल्या घोड्यांना पुन्हा झेप घ्यावी लागली आणि त्यात मॅक्सवेल मारला गेला.

१५/
संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती आल्या. त्यांची किंमत: ४२८ ठार, १,१३८ जखमी. मात्र विजयी सैन्य पाठलाग करू शकले नाही. घोडा हा झेपेचा विलक्षण प्राणी आहे. भरधाव सुटताना त्याची प्लीहा साठवलेल्या तांबड्या रक्तपेशी रक्तात ओतते. पण त्याच्या स्नायूंतील ग्लायकोजेन पुन्हा भरायला दोन ते तीन दिवस लागतात. माणसाला चांगले अन्न मिळाले, तर साधारण एक दिवस पुरतो.

१६/
वाट चुकलेला स्टीव्हनसन २४ तारखेच्या संध्याकाळी पोहोचला. जखमींच्या शुश्रूषेत आणखी वेळ गेला आणि पाठलाग २६ तारखेला सुरू झाला. तोवर शिंदे-भोसल्यांच्या फौजा दूर गेल्या होत्या. युद्ध आसईला संपले नाही. २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड येथे पुन्हा रक्त सांडले. त्या रात्री ताजे घोडे असते तर काय घडले असते, हा तर्क आहे. पण पाठलागाविना युद्ध लांबले, हा इतिहास आहे.

१७/
आसईचा विजय अनेकदा "इंग्रजी शिस्त" या दोन शब्दांत गुंडाळला जातो. त्या शब्दांत मद्रासचे स्वार दिसत नाहीत, पोलमनच्या पलटणींची कवायत दिसत नाही, तोफांपाशी परतलेले गोलंदाज दिसत नाहीत. शिस्त दोन्हीकडे होती. फरक पडला तो निर्णयाचा आणि शक्ती कोणत्या क्षणी खर्च केली याचा. त्या खर्चाची वसुली विजेत्यांकडूनही झाली.

१८/
पुढच्या वेळी एखाद्या लढाईचे वर्णन वाचाल, तेव्हा फौजांच्या आकड्यांबरोबर आणखी चार प्रश्न विचारा. त्या दिवशी ते आधी किती चालले होते? अंगावर ओझे किती होते? दाणापाणी कधी झाले होते? आणि घोडे शेवटचे केव्हा विसावले होते? नकाशा उघडून बदनापूर, जालना, भोकरदन आणि आसई यांवरून बोट फिरवा. अंतर नजरेला छोटे वाटेल. ते पायी कापणाऱ्यांना तसे वाटले नव्हते.