आंतरतारकीय कार्बनी रेणूंचा शोध

ताऱ्यांमधील अवकाशात वायू व धूलिकण यांचे विरल व अतिशय थंड मेघ असतात. त्यांतील धुळीमुळे दृश्य प्रकाश अडतो. रेडिओ तरंग मात्र आरपार जातात. घूर्णनाच्या एका ऊर्जा पातळीवरून दुसरीवर जाताना रेणू ठराविक कंप्रतेचा तरंग उत्सर्जित करतो किंवा शोषतो. प्रयोगशाळेत मोजलेल्या कंप्रतांशी या रेषांची तुलना करून रेणू ओळखतात.

१९४० च्या सुमारास ताऱ्यांच्या वर्णपटांतील शोषण रेषांवरून काही द्विआणवीय रेणू ज्ञात झाले होते. तथापि जंबुपार प्रारणामुळे मोठे रेणू अवकाशात टिकणार नाहीत, असा समज होता. १९६३ मध्ये १८ सेंमी. तरंगलांबीवर हायड्रॉक्सिल मूलक व १९६८ मध्ये अमोनिया आढळला. १९६९ मध्ये एल. ई. स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीन बँक (अमेरिका) येथील ४३ मी. व्यासाच्या दूरदर्शकाने ६ सेंमी. तरंगलांबीवर फॉर्माल्डिहाइड शोधून काढले आणि तो समज मागे पडला. मेघातील धूळच रेणूंचे जंबुपार प्रारणापासून रक्षण करते. आतापर्यंत ३०० हून अधिक रेणूंची नोंद झाली आहे.

हे रेणू कोठे तयार होतात, या प्रश्नाच्या संदर्भात महाराष्ट्रातील निरीक्षणे उल्लेखनीय आहेत. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक उभारण्यात आला. त्यात ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या सु. २५ किमी. विस्तारात मांडलेल्या आहेत. जयराम चेंगलूर व निस्सीम काणेकर यांनी त्याच्या साहाय्याने आकाशगंगेच्या केंद्राजवळील सॅजिटेरियस बी-२ या मेघातील ॲसिटाल्डिहाइडच्या १,०६५ मेगॅहर्ट्‌झ रेषेचे चित्रण केले (२००३). या मेघातील बहुतेक जटिल कार्बनी रेणू एका लहानशा उष्ण गाभ्यात एकवटलेले आहेत. ॲसिटाल्डिहाइड मात्र किमान शंभरपट मोठ्या क्षेत्रात पसरलेले आढळले. धूलिकणांच्या पृष्ठावर तयार झालेले रेणू आघात तरंगांमुळे मुक्त होतात, या उपपत्तीशी हे जुळते.

केवळ काही रेषांच्या साम्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. ग्लायसीन हे सर्वांत साधे ॲमिनो अम्ल आंतरतारकीय मेघांत सापडल्याचे २००३ मध्ये जाहीर झाले. परंतु अपेक्षित अशा महत्त्वाच्या रेषा आढळत नाहीत, असे २००५ मध्ये स्नायडर व इतरांनी दाखवून दिले. पुढे ग्लायसीन धूमकेतूंच्या द्रव्यात आढळले आहे. त्यामुळे सजीवांना आवश्यक असलेल्या द्रव्यांची जडणघडण ग्रहांच्या निर्मितीपूर्वीच सुरू होत असावी, या कल्पनेला बळकटी मिळते. तथापि अशा द्रव्यांचे अस्तित्व म्हणजे जीवसृष्टीचा पुरावा नव्हे.