एका खाटेभोवती चार विद्यार्थी

१/ ११ जानेवारी १९९५ची संध्याकाळ. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या रुग्णालयात डॉक्टरांची तातडीची बैठक भरली होती. दीड वर्षाच्या एका बालकावर दुसऱ्या दिवशी हृदयशस्त्रक्रिया व्हायची होती. ती येथे करू नये, असे भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी बजावले. त्यांचे म्हणणे मानले गेले नाही. शस्त्रक्रिया झाली आणि बालक दगावले.

२/ बोल्सिन १९९०पासून सांगत होते की, येथे मुलांचे मृत्यू वाजवीपेक्षा जास्त होत आहेत. पुढे प्राध्यापक इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. जुलै २००१च्या अहवालाचा निष्कर्ष असा : १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक मृत्युमुखी पडली.

३/ हा अहवाल व्यक्तींना दोष देऊन थांबला नाही. शल्यविशारद, हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका असे सारे एका छपराखाली होते. पण त्यांचा संघ झालेला नव्हता. अधिकार मोजक्या हातांत होते आणि शंका मांडायला जागा नव्हती. सुमारे २०० शिफारशी झाल्या. आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाचा काही भाग सामाईक असावा, हा त्यांतील एक महत्त्वाचा आग्रह होता.

४/ ही भिंत उभी राहिली कशी? १८६०मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. १९१०मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय शिक्षणाला शास्त्रीय शिस्त लावली. दोन्ही सुधारणा मोठ्या होत्या. मात्र विसाव्या शतकात प्रत्येक व्यवसायाची शाळा, परीक्षा आणि परिभाषा वेगळी होत गेली. ज्यांना जन्मभर एकत्र काम करायचे, त्यांची पहिली खरी गाठ थेट रुग्णाच्या खाटेपाशी पडू लागली.

५/ ब्रिस्टलचे प्रकरण आत धुमसत होते, त्याच काळात स्वीडनमधील लिंशॉपिंग शहरात वेगळे काही घडत होते. येथील वैद्यकाचे विद्यार्थी आरंभीची वर्षे उप्साला येथे शिकत आणि रुग्णालयीन शिक्षणासाठी लिंशॉपिंगला येत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे अर्धे शिक्षणही बंद होण्याची वेळ आली. तगायचे तर इतरांकडे नसलेले काही देणे भाग होते.

६/ त्यातून १९८६मध्ये तेथे ‘आरोग्य विद्यापीठ’ उभे राहिले. या कामातील एक अग्रणी होते प्राध्यापक निल्स-होल्गर आरेस्कोग. भावी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि प्रयोगशाळातज्ज्ञ अशा साऱ्यांचे पहिले दहा आठवडे एकत्र ठेवले गेले. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९पासून रुजवलेली समस्याधारित शिक्षणाची पद्धत येथे स्वीकारली गेली. मिश्र लहान गट, समोर एक प्रश्न आणि त्याच्या उत्तराचा शोध विद्यार्थ्यांनीच घ्यायचा.

७/ हा विचार आता जगभर रुजू लागला होता. १९८७मध्ये ब्रिटनमध्ये या शिक्षणाच्या प्रसारासाठी केप ही संस्था स्थापन झाली. १९८८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘आरोग्यासाठी एकत्र काम करता यावे म्हणून एकत्र शिकणे’ या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल काढला. यातील मर्म पुढे नेमके मांडले गेले : एका सभागृहात शेजारी बसून व्याख्यान ऐकणे म्हणजे आंतरव्यावसायिक शिक्षण नव्हे. एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणे व्हायला हवे.

८/ लिंशॉपिंगने याची कसोटी प्रत्यक्ष रुग्णालयात पाहिली. १९९६मध्ये तेथे अस्थिरोग विभागात विद्यार्थ्यांचा प्रशिक्षण वॉर्ड सुरू झाला. वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी अनुभवी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली एकत्र येऊन रुग्ण सांभाळायचे. लवकरच लंडन आणि स्टॉकहोम येथेही असे वॉर्ड दिसू लागले.

९/ तेथे काय शिकता येते? मांडीचे हाड मोडलेल्या एका वृद्धेचा विचार करा. वैद्यकाचा विद्यार्थी क्ष-किरण चित्र पाहतो. परिचर्येच्या विद्यार्थिनीला दिसते की, वेदनेमुळे रुग्णाला रात्रभर झोप नाही. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला तिची पावले अडखळताना दिसतात. व्यवसायोपचाराची विद्यार्थिनी विचारते, घरी न्हाणीघराला उंबरा आहे का? ‘घरी कधी सोडायचे?’ या प्रश्नाचे उत्तर चौघांपैकी एकट्या कोणाकडेही नसते.

१०/ सारे सुरळीत झाले असे नाही. अशा वॉर्डांत रुग्णाला आंघोळ घालणे, अंथरूण बदलणे ही कामेही सर्वांच्या वाट्याला येत. वैद्यकाच्या काही विद्यार्थ्यांना वाटे, आपल्या विद्येचा वेळ यात जातो. वेगवेगळी वेळापत्रके जुळवणे ही आणखी एक डोकेदुखी. सामाईक शिक्षण रखडते ते बहुधा अशा व्यावहारिक अडचणींवर.

११/ मग याचा उपयोग सिद्ध झाला का? २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणारे १५ अभ्यास तपासले गेले. काहींत रुग्णसेवेत व संघकार्यात सुधारणा दिसली. काहींत परिणाम संमिश्र होते, तर काहींत फरकच दिसला नाही. अभ्यास इतके भिन्न होते की, सर्वांना लागू पडेल असा ठाम निष्कर्ष काढता आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र त्याआधीच, २०१०मध्ये, या शिक्षणाचा कृती-आराखडा जगापुढे ठेवला होता.

१२/ पुन्हा त्या संध्याकाळकडे पाहू. ब्रिस्टलच्या बैठकीत धोक्याची सूचना देणारा माणूस हजर होता आणि तो बोललाही. दुसऱ्या शाखेच्या माणसाची शंका ऐकून आपला निर्णय थांबवायचा, ही सवय मात्र तेथे कोणाला कधी लावली गेली नव्हती. लिंशॉपिंगच्या वॉर्डात विशीतले विद्यार्थी नेमकी हीच सवय अंगी बाणवत होते.

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास