टॉम थॉमसन प्रकरण : कॅनू लेकवर ८ जुलै १९१७ ला नेमकं काय घडलं?

कॅनडाचा नामवंत चित्रकार टॉम थॉमसन ८ जुलै १९१७ रोजी, रविवारी दुपारी, एकटाच आपली होडी घेऊन मासेमारीला निघाला आणि परत आलाच नाही. आठ दिवसांनी त्याचा मृतदेह पाण्यावर तरंगताना सापडला. सरकारी दप्तरात ‘अपघाती बुडून मृत्यू’ अशी नोंद झाली. पण शंभर वर्षं उलटून गेली तरी ही नोंद सगळ्यांना पटलेली नाही. त्यामागचं मुख्य कारण एकच : चौकशी करणारा अधिकारी पोहोचण्याआधीच मृतदेह पुरला गेला होता.

कोण होता थॉमसन?

जन्म ५ ऑगस्ट १८७७, ओंटारिओ प्रांतातलं क्लेअरमाँट. बालपण लीथ या गावी गेलं. टोरांटोमध्ये ‘ग्रिप लिमिटेड’ या कंपनीत तो जाहिरातींची आणि छपाईची चित्रं काढायचा. १९१२ मध्ये तो पहिल्यांदा अल्गॉन्क्विन पार्कमध्ये गेला आणि तिथल्या जंगलाने त्याला धरूनच ठेवलं. पुढची पाच वर्षं बर्फ वितळला की तो तिकडे जायचा, लहान लाकडी फळ्यांवर जागेवरच तैलरंगात चित्रं करायचा आणि हिवाळ्यात टोरांटोला येऊन त्यांतल्या काहींची मोठी चित्रं बनवायचा. ‘द जॅक पाइन’ आणि ‘द वेस्ट विंड’ ही त्याची चित्रं आज कॅनडात शाळकरी मुलांनाही माहीत असतात. पोटापाण्यासाठी तो मासेमारीला आलेल्या पाहुण्यांचा वाटाड्या म्हणूनही काम करी.

जागा कशी आहे?

अल्गॉन्क्विन पार्क टोरांटोच्या उत्तरेला आहे. स्थापना १८९३ ची, क्षेत्रफळ आज सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर. सगळीकडे तळी, ओढे आणि घनदाट जंगल. फिरायचं तर कॅनूने, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, वल्ह्याने चालवायच्या हलक्या होडीने. दोन तळ्यांच्या मध्ये जमीन आली की होडी खांद्यावर घेऊन चालायचं. कॅनू लेकच्या काठी मोवाट नावाची जुनी लाकूडतोड्यांची वस्ती होती. लाकडाचा धंदा बसल्यावर तिथे मोजकीच माणसं उरली होती. थॉमसन तिथल्या ‘मोवाट लॉज’मध्ये उतरायचा.

घटनाक्रम

- ८ जुलै : थॉमसन दुपारी निघाला. त्याची उलटी झालेली होडी लवकरच तळ्यात दिसली, पण त्याचा पत्ता नव्हता. पार्कचे वनरक्षक मार्क रॉबिन्सन यांनी त्याचा शोध घेतला.
- १६ जुलै : मृतदेह सापडला. सुट्टीवर आलेले टोरांटोचे डॉक्टर गोल्डविन हाउलँड यांनी तो पाहिला. कानशिलावर मार लागल्याची खूण आणि कानातून रक्त, अशी नोंद त्यांनी केली. मृत्यूचं कारण मात्र बुडणं, असंच लिहिलं.
- १७ जुलै : दिवस उन्हाळ्याचे, मृतदेह आठ दिवस पाण्यात राहिलेला. मोवाटच्या छोट्या दफनभूमीत तो पुरण्यात आला. अधिकृत चौकशी अधिकारी डॉ. रॅनी त्यानंतर पोहोचले. मृतदेह न पाहताच त्यांनी साक्षी घेतल्या आणि अपघाताचा निर्णय दिला.
- त्यानंतर काही दिवसांतच कुटुंबाच्या सांगण्यावरून शव उकरून काढून लीथला नेलं आणि तिथे पुन्हा दफन केलं.

संशय कुठून आला?

तळ्यांवर हात बसलेला माणूस शांत पाण्यात बुडेल कसा, हा पहिला प्रश्न. दुसरा, कानशिलावरची जखम. तिसरा, मासेमारीच्या दोरीचा. थॉमसनच्या घोट्याभोवती ही दोरी १६-१७ वेळा गुंडाळलेली होती, असं रॉबिन्सन यांनी पुढे सांगितलं. डॉ. हाउलँड यांच्या टिपणात मात्र दोरीचा उल्लेख नाही.

यातूनच तीन तर्क निघाले. होडीत उभा राहताना तोल जाऊन डोकं कडेवर आपटलं आणि तो पाण्यात पडला, हा अपघाताचा तर्क. काहींनी आत्महत्येचं बोललं. काहींनी भांडणातून खून झाल्याचं सांगितलं, गावातल्या लोकांची नावंही घेतली. पण कोणावरही गुन्हा दाखल झाला नाही आणि कोर्टात टिकेल असा पुरावा कधीच पुढे आला नाही.

१९५६ ची उकराउकर

लीथला नेलेल्या पेटीत शव नव्हतंच, असं लोक बोलत राहिले. १९५६ मध्ये विल्यम लिटल आणि त्यांच्या सोबत्यांनी मोवाटची जुनी जागा खणली. एक सांगाडा मिळाला, कवटीला भोक होतं. खळबळ उडाली. पण सरकारी तपासणीत हा सांगाडा थॉमसनचा नसून एका आदिवासी पुरुषाचा असल्याचा निष्कर्ष निघाला. लिटल यांना तो पटला नाही. १९७० मध्ये त्यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहिलं आणि चर्चा घरोघरी पोहोचली.

२०१६ मध्ये इतिहासकार ग्रेगरी क्लागेस यांनी जुनी कागदपत्रं तपासून वेगळं मत मांडलं. बहुतेक सनसनाटी गोष्टी घटनेनंतर कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आठवणींवर उभ्या आहेत. १९१७ चे कागद वाचले तर अपघातच जास्त संभवतो, असं ते म्हणतात.

आज काय उरलंय?

थॉमसन गेला तेव्हा ३९ वर्षांचा होता. १९२० मध्ये त्याच्या चित्रकार मित्रांनी ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ स्थापन केला. कॅनडाच्या चित्रकलेला वळण देणाऱ्या या गटात तो कधीच नव्हता, पण गटाच्या इतिहासाची सुरुवात त्याच्याच नावाने होते. सप्टेंबर १९१७ मध्ये मित्रांनी कॅनू लेकच्या काठी दगडांचं स्मारक उभारलं. त्यावरही तो बुडाल्याचंच कोरलं आहे.

जखम मरणाआधीची की नंतरची, हे शवविच्छेदनातून कदाचित कळलं असतं. ते झालंच नाही. १७ जुलैला दफन एक दिवस थांबलं असतं, तर निदान अधिकाऱ्याने मृतदेह डोळ्यांनी पाहिला असता. तेवढं राहून गेलं, आणि ती जागा पुढे तर्कांनी भरून काढली.