कमरेतली सुई

आजचा विषय ऐकून घरातली मुलं खिदळणार, त्यांना खिदळू द्या. आज आपण कुल्ल्याचा इतिहास बघतोय, आणि त्याचं कारण आहेत माझे मामा.

लहानपणी सुट्टीत आम्ही बडोद्याला मामांकडे जायचो. डावं पाऊल जरा जास्तच उंच उचलून, आपटत ते चालायचे. आम्हा पोरांना वाटायचं, पोलिओ. पुष्कळ वर्षांनी मामींनी सांगितलं, ताप आला म्हणून दवाखान्यात ‘कमरेत’ सुई दिली होती. पायातून वीज गेल्यासारखी कळ गेली आणि त्या दिवसापासून पाऊल वर उचललं जाईना.

तापाची अशी सुई कमरेत देत नाहीत, ती कुल्ल्यावर देतात. पण कुल्ला हा शब्द आपण चारचौघांत उच्चारत नाही.

सुश्रुताला ही अडचण नव्हती. प्रेत पाण्यात ठेवून, मऊ झालं की कूर्चीनं थर खरवडत आतलं शरीर बघा, असं सांगणारा हा माणूस. त्यानं शरीरातली १०७ मर्मं मोजली. त्यातली कुकुंदर आणि नितंब ही दोन थेट याच भागातली. कुकुंदराला इजा झाली तर खालच्या अंगाची संवेदना आणि हालचाल जाते, नितंबाला झाली तर खालचं अंग वाळतं, असं शारीरस्थानात लिहिलंय. त्याला आजच्या अर्थानं नस माहीत होती, असा दावा मी करणार नाही. पण इथे घाव बसला की पाय जातो, हे त्यानं पाहिलेलं दिसतं.

ती नस म्हणजे सायटिक. शरीरातली सर्वांत जाड, जवळजवळ करंगळीएवढी. ओटीपोटाच्या हाडांमधून बाहेर पडून ती कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखालून मांडीत उतरते. माणूस दोन पायांवर उभा राहिला तसा हा स्नायू वाढला. बसल्यावर आपण ज्याला निव्वळ गादी समजतो, तो धावताना आणि जिना चढताना राबत असतो.

आता सुईकडे येऊ. १८५३ मध्ये एडिंबरोत वुड आणि लिऑनमध्ये प्राव्हाज यांनी पोकळ सुई वापरली. पुढे हिवतापावर क्विनाइन स्नायूत टोचू लागले आणि १९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं. ते तर दिवसातून अनेकदा टोचावं लागे. एवढं औषध मावेल असा मोठा स्नायू कुठला? हाच. क्विनाइन नसेजवळ गेलं की पाय लुळे पडल्याच्या नोंदी होऊ लागल्या. मग ‘वरचा, बाहेरचा चतुर्थांश’ हा नियम शिकवला गेला. १९५० च्या दशकात स्विस शरीररचनातज्ज्ञ हॉखश्टेटर यांनी त्याहून सुरक्षित जागा दाखवली, खुब्याच्या बाजूची, जिथे मोठी नस जातच नाही. तान्ह्या बाळांना तर आता लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या अंगाला देतात.

पण चतुर्थांश ठरवायला आधी अख्खा कुल्ला दिसावा लागतो. आपण उभ्या उभ्या नाडी दोन बोटं सैल करतो, तोंड भिंतीकडे फिरवतो आणि टोचणाऱ्याला अंदाजानं जागा शोधायला लावतो. मामांनीही तसंच केलं होतं, असं मामी म्हणाल्या. पुढच्या वेळी पालथे झोपा, कपडा नीट खाली करा आणि सुई शिरताना पायात कळ गेली तर लगेच ओरडा, औषध आत जाण्याआधी.

मामा शेवटपर्यंत मागे पट्टा शिवलेली चप्पल घालायचे. कुणी विचारलं, तर म्हणायचे, “कमरेत सुई लागली.”