हैदराबादचा प्रश्न सुरक्षा परिषदेत : आंतरराष्ट्रीय कायदा आणि मराठवाड्यातील जनता

प्रस्तावना :

महाविद्यालये व विद्यापीठांतून आंतरराष्ट्रीय कायदा, जागतिक प्रश्न आणि परदेशातील शिक्षण या विषयांवर व्याख्याने आयोजित केली जातात. त्यांतील उदाहरणे बहुधा पॅलेस्टाईन, सुएझ किंवा काश्मीरची असतात. परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला हा विषय दूरचा वाटल्यास नवल नाही. वस्तुतः झरीसह संपूर्ण परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाचा दर्जा काय, हा वाद सप्टेंबर १९४८ मध्ये पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे आला होता. या वादातील कायदेशीर युक्तिवाद कोणते होते आणि त्यात जनतेला कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

सुमारे ८२ हजार चौरस मैल क्षेत्रफळ आणि १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ६३ लाख लोकसंख्या असलेले हैदराबाद हे देशातील एक प्रमुख संस्थान होते. त्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठवाड्याचे होते. निजामाने ब्रिटिशांशी बरोबरीचा दावा केला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने तो स्पष्टपणे नाकारला होता. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने मात्र ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संस्थानांवरून संपुष्टात आले आणि निजामाने जून १९४७ मध्येच स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांविषयीची पूर्वीची व्यवस्था चालू ठेवावी व करारातून उद्भवणारे वाद लवादाकडे सोपवावेत, अशी तरतूद त्यात होती. हाच करार पुढे दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाचा आधार ठरला.

सुरक्षा परिषदेतील युक्तिवाद :

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने राष्ट्रसंघाच्या सनदेतील कलम ३५ (२) नुसार तक्रार दाखल केली. राष्ट्रसंघाचे सदस्य नसलेल्या राज्यासही आपला वाद परिषदेपुढे नेण्याची मुभा हे कलम देते. मात्र अशी मुभा घेणारा घटक मुळात 'राज्य' असावा लागतो. सगळा वाद या एका शब्दाभोवती फिरत होता.

१३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १६ सप्टेंबर रोजी परिषदेची बैठक भरली. हैदराबादच्या वतीने मोईन नवाज जंग आणि भारताच्या वतीने ए. रामस्वामी मुदलियार उपस्थित होते. आठ सदस्यांनी विषय कार्यसूचीवर घेण्याच्या बाजूने मत दिले. विरोधात कोणीही नव्हते. सोव्हिएत युनियन, युक्रेन व चीन तटस्थ राहिले. परिषदेच्या अधिकाराचा प्रश्न मात्र खुलाच ठेवण्यात आला.

ब्रिटिश सत्तेबरोबर तिचे अधिराज्यही संपले असल्याने हैदराबाद सार्वभौम झाले आणि 'जैसे थे' करार म्हणजे विलीनीकरण नव्हे, अशी हैदराबादची भूमिका होती. हैदराबादला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने राज्याचा दर्जा कधीच नव्हता आणि म्हणून हा विषय भारताचा अंतर्गत आहे, अशी भारताची भूमिका होती. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली व २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेतली. मे १९४९ मध्ये पाकिस्तानने हा विषय पुन्हा मांडला. परंतु परिषदेने कोणताही ठराव केला नाही. अमेरिकन विधिज्ञ क्लाइड ईगल्टन यांनी १९५० मध्ये या प्रकरणावर विस्तृत लेख लिहिला. त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात हे प्रकरण राहिले. मराठवाड्यातील वर्गांत ते क्वचितच पोहोचले.

अनुपस्थित पक्ष :

पॅरिसच्या बैठकीत निजामाचा प्रतिनिधी होता, भारत सरकारचा होता. संस्थानातील प्रजेचा स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. प्रजेचे मत मात्र दहा वर्षांपासून कृतीतून व्यक्त होत होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली व सत्याग्रह झाला. त्याच वर्षी औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहात आणि उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा संप झाला. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. निजामाचा दावा ग्राह्य मानला तर हे विद्यार्थी परदेशी शिकत होते. त्यांच्या दृष्टीने ते आपल्याच देशात गेले होते. राज्याचा दर्जा केवळ करारांतून ठरवू पाहणाऱ्या युक्तिवादात या वस्तुस्थितीला जागा नव्हती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांना झालेली अटक, रझाकारांचे अत्याचार आणि पैनगंगेपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी उभी राहिलेली सीमेवरील केंद्रे हेही जनमताचेच पुरावे होत.

तथापि, या इतिहासाची दुसरी बाजू टाळता येत नाही. पोलीस कारवाईच्या काळात व नंतर झालेल्या हिंसाचाराच्या पाहणीसाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठविलेल्या समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी, असा अंदाज दिला. मृतांत मुस्लिमांची संख्या मोठी होती. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत मराठवाड्यातील उस्मानाबाद व नांदेड होते. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. मुक्तीचा आनंद आणि ही हानी या दोन्ही एकाच सप्टेंबरच्या घटना आहेत. प्रजेचा आवाज परिषदेत नव्हता, हे विधान या दोन्ही अर्थांनी खरे आहे.

निष्कर्ष :

१. हैदराबाद प्रकरणात 'राज्य' कोणास म्हणावे व अंतर्गत विषयाची मर्यादा कोठे संपते, हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मूलभूत प्रश्न गुंतलेले होते; परिषदेने त्यांचा निर्णय दिला नाही.

२. प्रश्नाचा निकाल परिषदेबाहेर लागला. त्याला सैनिकी कारवाईइतकाच जनआंदोलनाचा आधार होता.

३. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी या विषयावरील व्याख्यानांची सुरुवात हैदराबाद प्रकरणापासून केल्यास विद्यार्थ्याला कायद्याची परिभाषा आपल्याच गावाच्या इतिहासातून समजेल.

४. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले साक्षीदार आज पंचाऐंशी वर्षांच्या पुढे गेले आहेत. झरी व परिसरातील सर्व समाजांतील वृद्धांच्या आठवणी नोंदविण्याचे काम इतिहास विभागांनी तातडीने हाती घेणे आवश्यक आहे. परिषदेच्या इतिवृत्तात जे आले नाही, त्याची नोंद करण्याची ही अखेरची संधी आहे.