पैनगंगेपलीकडचा भाव

दिवाळीनंतर गावी गेलो होतो. पांढरकवड्याच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला आमचं गाव. ओट्यावर चार जण बसलेले आणि विषय एकच, कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, आणि खासगी व्यापारी मागत होता त्याच्या बराच खाली. त्यात केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. एक जण तावातावानं म्हणाला, "सरकारनं आपल्या धंद्यात हातच घालू नये." पाच मिनिटांनी तोच म्हणाला, "सीसीआयनं सगळा कापूस घेतला पायजे, एक बोंड सोडू नये."

शहरातले माझे मित्र अशा वेळी हसतात. शेतकऱ्याला एकदा काय ते ठरवता येत नाही म्हणतात, मुक्त बाजार पाहिजे की सरकार पाहिजे. मला मात्र ओट्यावरच्या त्या माणसाचं काही चुकलंय असं वाटत नाही. कापसाच्या बाबतीत कुणीच कधी एकदा काय ते ठरवलेलं नाही. मुक्त व्यापाराचा झेंडा घेऊन जगभर फिरणाऱ्यांनीसुद्धा नाही. तिथूनच सुरुवात करू.

१८६१ला अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मँचेस्टर म्हणजे त्या काळातली मुक्त व्यापाराची काशी. सरकारनं व्यापारात पडू नये हा त्यांचा मंत्र. पण कापूस पाहिजे म्हटल्यावर हेच लोक सरकारच्या मागं लागले: वऱ्हाडात रेल्वे न्या, रस्ते करा, अधिकारी नेमा. हिंदुस्थानातला व्यापारी कापसात माती, सरकी, पाणी घालतो म्हणून कायदा करा. मुंबईत १८६३ला कापसातल्या भेसळीविरुद्ध कडक कायदा झाला. तो पुढं मुंबईच्या व्यापाऱ्यांनाच जाच वाटू लागला आणि १८८२पर्यंत गुंडाळलाही गेला. खामगावला रेल्वेचा फाटा गेला १८७०मध्ये, तो कापसासाठी. तोवर अमेरिकेतलं युद्ध संपून भाव कोसळले होते. तेजीत वाढवलेलं कर्ज मात्र शेतकऱ्याच्या नावावर राहिलं.

आणखी एक. १८९६ला विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क ठेवलं, तेव्हा मँचेस्टरच्या दबावानं हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. "दोघांना समान संधी" असं त्याचं समर्थन होतं. मुक्त बाजार हा शब्द ऐकला की मला हे साडेतीन टक्के आठवतात.

आता आपल्याकडचा बाजार. वऱ्हाडात कापसाची गाडी बाजारात आली की भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. दलाल आणि खरेदीदार एकमेकांची बोटं दाबणार, आणि ज्याचा माल तो बाजूला उभा. वजन त्यांचंच, काटाही त्यांचाच. वर अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि कडता. यावर काहीतरी नियम हवा म्हणून कारंज्याला १८८६मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांचं मूळ हे असं आपल्या वऱ्हाडात आहे, पण वऱ्हाडातल्याच किती लोकांना ते माहीत आहे? त्या समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचंच होतं. १९२८च्या शेती आयोगानंही नियंत्रित बाजार वाढवा म्हणून शिफारस केली. मग १९३९चा मुंबई प्रांताचा कायदा, १९६३चा महाराष्ट्राचा कायदा. शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवायला आलेल्या समितीत पुढं कोण बसलं, हे प्रत्येकानं आपापल्या तालुक्यात जाऊन बघावं. मी नावं घेत नाही.

माझ्या लहानपणी मात्र आमच्यासाठी बाजार समिती, व्यापारी काहीच नव्हतं. होती एकच गोष्ट, एकाधिकार.

महाराष्ट्रानं १९७१ला कायदा केला आणि १९७२-७३च्या हंगामापासून राज्यातला सगळा कापूस सरकारच्या योजनेतच विकायचा असं ठरलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री, योजनेमागचा आग्रह यशवंतराव मोहित्यांचा. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. शेतकऱ्यानं कापूस केंद्रावर द्यायचा, हमीभावाचे पैसे घ्यायचे. पणन महासंघ तो जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकणार. नफा झाला तर हंगामाअखेर त्यातला वाटा शेतकऱ्याला, आणि काही भाग भाव-चढउतार निधीत. मंदीच्या वर्षी तो निधी कामी यायचा. दलाल मधून गेला, आणि रुईचा, सरकीचा पैसाही शेतकऱ्याच्या घरी येणार. कागदावर याहून चांगलं काय असतं?

पण योजनेला एक भिंत लागत होती. राज्याबाहेर कापूस नेता येणार नाही, ही ती भिंत. आणि भिंतीच्या पलीकडं आंध्र, मध्य प्रदेश, गुजरात, तिथं बाजार खुला. बाहेर भाव जास्त असला की इकडचा कापूस तिकडं पळायचा. बाहेर भाव कमी असला की तिकडचा कापूस इकडं येऊन महाराष्ट्राच्या नावावर विकला जायचा. म्हणजे तेजीत महासंघाकडं माल नाही आणि मंदीत माल ठेवायला जागा नाही. नफ्याच्या वर्षी शेतकरी बाहेर, तोट्याच्या वर्षी आत. चढउतार निधी भरणार कसा? दुसऱ्याच हंगामात, १९७३-७४ला, योजना बाजूला ठेवावी लागली होती. पुन्हा सुरू झाली, आणि मग तीस वर्षं अशीच ओढत राहिली.

आमचं गाव तर त्या भिंतीलाच टेकलेलं. नदीच्या या काठाला यवतमाळ, त्या काठाला आदिलाबाद. हिवाळ्यात पैनगंगेचं पाणी उतरलं की काही ठिकाणी बैलगाडी सरळ पार होते. माझे मोठे काका रात्री गाडी काढायचे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा उतरवून ठेवायच्या, कंदील नाही, बिडी नाही. एकदा मलाही नेलं होतं, मी अकरा-बारा वर्षांचा असेन. कापसावर पालथा झोपून गेलो, थंडी अजिबात वाजली नाही. पलीकडं सेठच्या काट्यावर पहाटे माप झालं आणि नोटा हातात पडल्या. काका रस्त्यात म्हणाले, "आपलाच कापूस, आपल्याच गाड्यात, अन् आपणच चोर."

हे वाक्य मी मुक्त बाजारावरच्या कुठल्याही ग्रंथाच्या बरोबरीनं ठेवतो. पण लगेच दुसरी बाजूही सांगतो, कारण तीही त्याच काकांची आहे. दोन-तीन वर्षांनी पलीकडचा भाव पडला, तेव्हा हेच काका इकडच्या संकलन केंद्रावर दोन रात्री गाडीखाली झोपून नंबर लावून होते आणि एकाधिकाराचे गुण गात होते. विचारलं तर म्हणाले, "आज हे लोक नसते तर सेठनं आपली चड्डी बी नसती ठेवली."

१९८० नंतर या सगळ्याला भाषा दिली शरद जोशींनी. चाकणचा कांदा, निपाणीची तंबाखू, नाशिकचा ऊस आणि मग कापूस. १९८६च्या डिसेंबरात सुरेगावला, आता ते हिंगोली जिल्ह्यात येतं, कापूस आंदोलनात गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. त्या वेळची मागणी लक्षात घ्या. सरकारनं भाव वाढवून द्यावा, ही होती. पुढच्या सहा-सात वर्षांत तेच शरद जोशी डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले. देशभरातले बहुतेक शेतकरी नेते विरोधात, कर्नाटकात नंजुंडस्वामी रस्त्यावर, आणि जोशी म्हणतायत दारं उघडा. त्यांचा हिशेब 'उणे सबसिडी'चा होता. जगाच्या बाजारात मिळाली असती त्याहून कमी किंमत आपलं सरकार शेतकऱ्याला मिळू देतं, म्हणजे अनुदान देण्याऐवजी शेतकऱ्याकडून काढून घेतं. जागतिक व्यापार कराराच्या वेळी भारतानं स्वतःच दाखल केलेले आकडे उणेच होते. आमच्याकडं अनेकांना हे एकदम पटलं, कारण ते त्यांनी पैनगंगेच्या पात्रात आधीच पाहिलं होतं.

पण जोशींशी माझं एक भांडण आहे, आणि ते गेल्यावर दहा वर्षांनीही मिटलेलं नाही. दारं उघडली की पलीकडं खुला बाजार असेल हे त्यांनी धरून चाललं. पलीकडं अमेरिकेचा कापूस उत्पादक होता, त्याच्या सरकारचं भरभक्कम अनुदान घेऊन. नदीपलीकडच्या सेठशी स्पर्धा वेगळी आणि टेक्सासच्या शेताशी वेगळी.

एकाधिकार २००२च्या सुमारास संपला. महासंघ तोट्यात बुडाला होता, त्यामुळं फार कुणी रडलं नाही. रडणं आलं तीन वर्षांनी. २००५ला राज्य सरकारनं क्विंटलमागं ५०० रुपयांचा आगाऊ बोनस काढून घेतला. त्या हंगामात आणि त्यानंतर विदर्भात काय झालं ते मी पुन्हा लिहीत नाही. २००६च्या जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. एकाधिकाराला शिव्या घालणारे अनेक जण त्या काळात "निदान तेव्हा कुणीतरी घेत होतं" असं म्हणताना मी ऐकलेत.

बरं, खुला झाला म्हणायचा तर तो बाजार खुला तरी राहिला का? ५ मार्च २०१२ला केंद्रानं कापूस निर्यातीवर एका फटक्यात बंदी घातली. शरद पवार कृषिमंत्री असून त्यांनी विरोध केला, गुजरातमधून मुख्यमंत्री नरेंद्र मोदींनीही केला, आणि थोड्याच दिवसांत ती मागं घ्यावी लागली. २०२१-२२ला हमीभाव ६,०२५ असताना बाजारात दहा हजारांच्या वर कापूस गेला. सीसीआयच्या केंद्रावर कोण जाणार? त्या वर्षी आमच्या गावात सगळे मुक्त बाजारवाले होते. गिरणी मालक मात्र दिल्लीत आयात शुल्क काढा म्हणून बसले होते, आणि एप्रिल २०२२ला ते काही महिन्यांसाठी काढलंही. २०२५लाही तेच. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड उद्योग अडचणीत आला, म्हणून त्याला स्वस्त कापूस पाहिजे होता. उद्योगाची अडचण खोटी नव्हती. पण मंदीत सरकारनं वाचवावं असं गिरणीला वाटलं तर ते धोरण, आणि शेतकऱ्याला वाटलं तर ते लाड, हा हिशेब मला समजत नाही.

२०२०च्या तीन कायद्यांच्या वेळी मला दोन्हीकडून विचारणा झाली. पंजाबवाले विरोधात होते याचं मला नवल नव्हतं. तिथं गहू आणि धान सरकार खरंच घेतं, मंडीत घेतं. असलेली गोष्ट कोण सोडेल? आणि आमच्याकडं शेतकरी संघटना कायद्यांच्या बाजूनं होती, तेही नवल नाही. आमच्या आठवणीत मंडी म्हणजे अडत आणि भिंत म्हणजे चोरी. त्याच संघटनेच्या लोकांनी २०१९ला अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला बंदी असलेलं तणनाशक-सहनशील बियाणं जाहीरपणे पेरलं होतं. बियाणं निवडायला मोकळीक पाहिजे आणि पिकलं की सीसीआयनं घ्यावं, या दोन्ही मागण्या एकाच शेतातून येतात. मला स्वतःला यात न्यायाचा भाग दिसतो: जोखीम घ्यायला मी तयार आहे, पण खेळाचे नियम हंगामाच्या मध्येच बदलू नका. शुल्क काढायचं तर पेरणीआधी सांगा. मी तूर लावली असती.

ओट्यावरची बैठक उठली तेव्हा काका आतून बाहेर आले. आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकायला कमी येतं. सीसीआयच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायची होती, सातबारा आणि आधार घेऊन माझ्यासमोर बसले. ओटीपी येईना, रेंज नव्हती. आठ टक्क्यांवर ओलावा असला की पैसे कापतात आणि बारावर घेतच नाहीत, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळं कापूस आठ दिवस अंगणात वाळत घातलेला. तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा ओटीपी आला.

नोंदणी झाली. मोबाइल माझ्या हातातच होता.

"आता पाय बरं," काका म्हणाले, "पल्याड आदिलाबादले आज काय भाव हाय?"